नवऱ्याच्या नावाच्या जागी

१२ मे २०२४, रविवार, रुपये १,५००. एवढ्या रकमेला तेजश्री गांगुर्डेने पंचवटीतल्या एका धर्मशाळेत उतरलेल्या नवरीची मेंदी काढायचं कबूल केलं होतं. पाचशे आगाऊ मिळाले होते, हजार काम झाल्यावर मिळायचे होते. त्या दुपारी जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, तरी ते अजून पुरतं पचनी पडलेलं नाही. म्हणून जे पक्कं ठाऊक आहे तिथून सुरुवात करतो.

तेजश्री चाळिशीची आहे. माहेर देवळाली कॅम्पातलं. वडील तिथल्या बाजारात शिलाईचं काम करायचे, जवानांचे युनिफॉर्म मापात बसवून द्यायचे. तयार कपडे क्वार्टरमध्ये पोचवायचं काम हिच्याकडे होतं. तिथे एका राजस्थानी सुभेदाराच्या बायकोने तिच्या हातात पहिला कोन दिला. "ती मला मेंदी शिकवायची आणि मी तिला मराठी शिव्या," तेजश्री सांगते. "दोघींनी मन लावून अभ्यास केला." आता नवरा नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये आहे, घर जवळच्या उपनगर भागात आहे, आणि नवरीची मेंदी म्हटलं की गंगापूर रोडवरच्या बंगल्यांतूनसुद्धा तिलाच फोन येतो. बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. फक्त कोन हातात घेतला की आवाज खाली येतो.

माझी तिची ओळख झाली ती 'सोबत' या आमच्या छोट्या संस्थेत. मी एका द्राक्ष निर्यात कंपनीत हिशेब पाहतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. रविवारी सकाळी 'सोबत'चे हिशेब विनामोबदला लिहितो. संस्था सुमेधाताई शुक्ल चालवतात. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून नोकरीच्या किंवा लग्नाच्या नावाखाली मुली बाहेर नेल्या जातात, विकल्या जातात. त्याबद्दल गावागावांत सांगत फिरायचं, हे आमचं काम. ज्याला जे येतं ते तो देतो. एक शिक्षक पथनाट्यं लिहितात, कॉलेजातली सई पोस्टर रंगवते. पोस्टर आम्ही एसटी स्टँडवर चिकटवायचो आणि आठवड्याने त्यावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात आलेली असायची.

त्या रविवारच्या आदल्या वर्षी तेजश्री पहिल्यांदा कार्यालयात आली तेव्हा मी समोरच बसलो होतो.

"मला भाषण येत नाही, नाटक येत नाही," ती सुमेधाताईंना म्हणाली. "मेंदी येते. चालेल का?"

"मेंदीने काय होणार?" मी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच कळलं नव्हतं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. हरसूलकडच्या एका लग्नात तिने एका मुलीची मेंदी काढली होती. आपल्याकडे नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव लपवायची पद्धत आहे. लग्न लागल्यावर नवऱ्याने ते शोधायचं, आणि नाही सापडलं तर सगळ्यांनी त्याला चिडवायचं. तेजश्रीने घरच्यांनी सांगितलेलं नाव लपवलं, पैसे घेतले आणि घरी आली. वर्षभराने त्याच गावात दुसऱ्या मेंदीला गेली तेव्हा सहज चौकशी केली. ती मुलगी कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. लग्नात दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचा माणूसच नव्हता.

"मी नसलेल्या माणसाचं नाव काढलं, काका," ती म्हणाली. "ते पण वळणदार अक्षरात, वेलीत गुंफून. आता मला दुसरं काहीतरी लपवायचंय."

तिला लपवायचा होता १०९८, संकटातल्या मुलांसाठीचा मदतीचा फोन नंबर. कल्पना तिचीच. आम्ही कोणी सुचवलेली नाही.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी ती हरसूलच्या बाजारात पोतं अंथरून बसली, तेव्हा खर्च योग्य कामी लागतो आहे का ते पाहायला म्हणून मी गेलो. मेंदी फुकट म्हटल्यावर मुलींची रांग भाजीवाल्यांच्या पलीकडे गेली होती. तेजश्री एकेकीचा हात मांडीवर घ्यायची आणि बडबड सुरू.

"नवऱ्याचं नाव नाही हं काढलेलं. नवऱ्याला अजून वेळ आहे. एक नंबर लपवलाय. कुठंय, सांग बरं?"

मुलगी हात उलटासुलटा करायची. मागच्या मुली मान वाकवून शोधायच्या. १ म्हणजे कळीचा देठ, ० म्हणजे फुलाचा गाभा, ९ कोयरीच्या वळणात आणि ८ मोराच्या मानेत. मला स्वतःला तिने दाखवेपर्यंत दिसला नव्हता.

"सापडला? आता घरी जाऊन आईला शोधायला लाव. आईला नाही जमलं तर आजीला. आणि कोणी म्हणालं ना, चल, शहरात काम देतो, चल, चांगलं स्थळ आहे, आणि तुझ्या मनात धाकधूक झाली, तर हा नंबर फिरवायचा. पैसे पडत नाहीत."

परतताना मी म्हणालो, "पण आठ-दहा दिवसांत मेंदी जाते."

"पोस्टर कोणी घरी नेतं का? हात सगळ्याच नेतात," ती म्हणाली. "मेंदी जाईल हो. शोधून काढलेलं डोक्यातनं जात नाही. बघा तुम्हीच, विसरून दाखवा मला तो मोर."

मला तो आजही विसरता आलेला नाही.

आता त्या रविवारबद्दल. त्या वर्षी गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, मे महिन्यात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नव्हते. तेजश्रीच्या हाताला काम नव्हतं, म्हणून पंचवटीतून फोन आला तेव्हा ती लगेच तयार झाली. मुहूर्त नसताना लग्न कसलं, हे मनात आलं. पण देवळात हार घालून उरकणारे लोक असतातच.

सुरुवातीचं मी तेजश्रीकडून ऐकलेलं सांगतो. धर्मशाळेच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत नवी साडी नेसवलेली एक मुलगी बसली होती. तिचं खरं नाव लिहिता येणार नाही. तिला स्नेहा म्हणू. सोबत सखुबाई नावाची पन्नाशीची बाई होती, ती स्वतःला मुलीची मावशी म्हणवत होती. दुसरं कोणी बाईमाणूस नाही, हळद नाही, हसणं-खिदळणं नाही.

तेजश्रीने मेंदी सुरू केली आणि सवयीने विचारलं, "नवरदेवाचं नाव काय गं? लगेच सापडेल असं लपवू, का रडवायचं त्याला?"

मुलीने सखुबाईकडे पाहिलं.

"राज लिव्ह," सखुबाई म्हणाली. "राजच लिव्ह, सोपं हाय."

"आणि आडनाव?"

"तुला काय करायचंय? तू रंगाचं बघ."

तेवढ्यात सखुबाईचा फोन वाजला आणि ती बोलत गॅलरीत गेली. मुलीने मान वर केली नाही. ओठही फारसे हलले नाहीत.

"ताई, नाव नको. तो बाजारातला नंबर काढा."

तेजश्रीने तिचा डावा हात उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा गोल डाग होता. तो डाग तिने हरसूलला फुलाच्या मधोमध घेतला होता. "चेहरे मला आठवत नाहीत," ती मला नंतर म्हणाली. "हात आठवतात."

रेघ न थांबवता तिने विचारलं, "वय?"

"सोळा."

"लग्नाचं ठाऊक होतं?"

"नाय. घरी सांगितलं का कंपनीत पॅकिंगचं काम हाय. काल साडी आणली तवा कळलं."

"तुझा फोन?"

"मावशीकडं. ती मावशी नाय माझी."

"निघायचं कधी?"

"आजच. देवळातनं लगेच. गाडी खाली उभी हाय."

सखुबाई आत आली तेव्हा तेजश्री मोराची मान काढत होती. मग तिने कोन डोळ्यांसमोर धरला, चुकचुकली आणि सखुबाईच्या देखतच मला फोन लावला.

मी घरी वर्तमानपत्र वाचत होतो.

"काका, दहा-नऊ-आठ नंबरचा कोन संपला माझा," ती म्हणाली. "पंचवटीत आहे." तिने धर्मशाळेचं नाव सांगितलं. "घेऊन या, आणि येताना लिंबं आणा. नवरी अगदी कोवळी आहे, रंग चढायला वेळ लागणार."

"कोनाला कुठे नंबर असतो?" मी म्हणालो.

"असतो हो काका. मागच्या वर्षी अहवालात तुम्हीच तर टाइप केला."

माझ्या हातातला पेपर खाली पडला. पाठीमागे सखुबाईचा आवाज आला, "कोन हाय गं?" आणि तेजश्रीचा, "माझे काका. माल तेच आणतात. जरा म्हातारे आहेत, दोनदा सांगावं लागतं."

मी सुमेधाताईंना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "हेल्पलाइनला आणि पोलिसांना मी कळवते. तुम्ही लिंबं घेऊन जा. उपेंद्रराव, तिथे काही शौर्य करू नका. फक्त बसा."

बसणं हे मला जमणारं काम होतं. पंचवटीच्या बाजारात लिंबं घेतली, पूजेच्या सामानाच्या दुकानातून एक तयार कोन घेतला आणि धर्मशाळेत पोचलो. तेजश्रीने कोन पाहिला मात्र, सगळ्यांसमोर माझा उद्धार केला.

"हा कसला आणलात? केमिकलचा! पोरीचे हात सोलून निघतील. एक काम धड होत नाही तुमच्याकडून. आता मलाच कोन भरत बसायला लागणार."

ती पिशवीतली मेंदी काढून कोन भरत बसली. सावकाश. त्यात मिनिटं गेली. मी गॅलरीतल्या बाकावर बसलो. तिथे नवरदेव होता, चाळिशीचा, दुसऱ्या राज्यातला. नव्या बुटांच्या तळाला किमतीचं लेबल तसंच होतं. मी नाव विचारलं.

"महेंद्र," तो हिंदीत म्हणाला. मग मी काही न विचारता, "लडकी बीस की है. हमको यही बताया है."

मी फक्त मान हलवली. आत कोपरापर्यंत वेल चढत होती.

"बास झालं आता," सखुबाई म्हणाली. "लय येळ झाला."

"पाय राहिले की."

"पायाचं कुठं ठरलंय?"

"नवरी आहे मावशी, धुण्याभांड्याची बाई नाही. पायाचे पैसे नका देऊ मला, फुकट काढते."

फुकट म्हटल्यावर सखुबाई थांबली.

मेंदी निघते आहे हे बायकांना कसं कळतं ते मला माहीत नाही, पण एव्हाना शेजारच्या खोल्यांतून त्र्यंबकेश्वरचं दर्शन करून आलेल्या बायका दारात जमल्या होत्या. परभणीकडच्या असाव्यात. त्यांतल्या नऊवारीतल्या एक आजी सरळ आत येऊन बसल्या. लिंबू पिळून साखर विरघळवली आणि कापसाच्या बोळ्याने मुलीच्या हातावर टिपायला लागल्या. बाकीच्यांनी नवऱ्याचं नाव शोधायला घेतलं.

"इथं असंल बघ, कोयरीत."

"नाही गं, ती नुसती कोयरी."

"अगं बाई, नावच सापडत नाही की! कुठं लपवलंस गं?"

"सापडायचं त्याला सापडेल," तेजश्री म्हणाली. तिने मान वर केली नाही.

खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. दोनदा, मग लांबलचक. सखुबाई उठली आणि तिने मुलीच्या दंडाला धरलं. "चल, ऊठ. गाडीत वाळंल."

मला वाटलं, संपलं. मी बाकावरून अर्धा उठलो, आणि पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

"मावशी," तेजश्री म्हणाली, अगदी सहज, "ओल्या मेंदीची नवरी कोणी उठवतं का? मोडलेली मेंदी घेऊन देवासमोर उभी करणार तुम्ही?"

तिला पुढे बोलावंच लागलं नाही. आजी कडाडल्या. "सोड तिचा हात! आई का वैरीण? वाळू दे की पोरीचं, एवढी काय गाडी सुटाया लागली?" दुसरी म्हणाली, "आमच्यात असं करत नाहीत बाई, अपशकून असतो." तिसरी दारातच पाय पसरून बसली. सखुबाईने दंड सोडला. पाच-सहा अनोळखी बायका, कोणालाही काही माहीत नाही, आणि सगळ्या मिळून त्या मुलीभोवती बसल्या. नवरीची मेंदी वाळेपर्यंत तिला कोणी हलवायचं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. तेजश्रीनेही त्या एका गोष्टीवरच सगळी भिस्त ठेवली होती. मुलगी दोन्ही हात पुढे धरून बसली होती. तिच्या हातांना शिवायची त्या खोलीत कोणाची हिंमत नव्हती.

नंतर जिन्यावर पावलं वाजली. हेल्पलाइनची एक तरुण कार्यकर्ती आणि साध्या साडीतल्या दोन महिला पोलीस वर आल्या. खाली गाडीपाशी आणखी पोलीस होते. कार्यकर्ती बायकांमधून वाट काढत आत आली, मुलीसमोर मांडी घालून बसली आणि काही बोलायच्या आत मुलीने उजवा तळवा तिच्यासमोर धरला. कार्यकर्तीने तो जवळ घेतला, क्षणभर पाहिलं आणि बोट न टेकवता देठ, फूल, कोयरी, मोर असं हवेतच दाखवलं.

"सापडलं," ती म्हणाली.

स्नेहा तेव्हा रडली. तोपर्यंत डोळ्यांत पाणी नव्हतं. आजींनी पदराने तिचे डोळे पुसले, कारण तिला स्वतःला हात लावता येत नव्हता.

एका पोलीसबाईने सखुबाईला विचारलं, "मावशी ना तुम्ही? मग बहिणीचं नाव सांगा." सखुबाईला ते सांगता आलं नाही. पुढचं सगळं आता कोर्टात आहे, त्यावर मी लिहीत नाही.

सगळे गेल्यावर मी तेजश्रीला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की, काका." मी तिला चहा पाजला. कप धरताना तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

पण स्नेहाला नेण्याआधी मी तिचे हात पाहिले होते. मेंदीची रेघ खोडता येत नाही, हात थरथरला की तिथेच दिसतं. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत एकही रेघ हललेली नव्हती. दुसऱ्या तळव्यावरही तोच नंबर होता. का, ते मी तेजश्रीला विचारलं. "एक हात पुसला गेला असता तर?" ती म्हणाली. म्हणजे मुलगी हातची जाऊ शकते, हे धरूनच ती शेवटपर्यंत काढत होती. चाळीस वर्षं मी माणसांना दडपणाखाली काम करताना पाहिलं आहे. असं काम मी पाहिलेलं नव्हतं. मी त्या रेघांकडे पाहत राहिलो.

बालकल्याण समितीसमोर स्नेहा उभी राहिली तेव्हा मेंदी गडद झाली होती. काही दिवसांनी तिची खरी आई आली. तिने लेकीचे हात धरले आणि सोडेचना. स्नेहा वसतिगृहात राहून पुढे शिकली, यंदा बारावीला बसली. सुट्टीत तेजश्रीकडे मेंदी शिकली, आणि आता नागपंचमीच्या आधी दोघी हरसूलच्या बाजारात एकाच पोत्यावर बसतात. स्नेहाचा मोर अजून कोंबडीसारखा दिसतो, असं तेजश्री म्हणते. "नंबर तर बरोबर हाय ना?" असं स्नेहा म्हणते.

सखुबाईने आगाऊ दिलेले पाचशे तेजश्रीने त्याच दिवशी पोलिसांकडे जमा केले. उरलेल्या हजारांचा विषय आमच्या दृष्टीने संपला होता. मागच्या दिवाळीत स्नेहा स्वतः काढलेल्या मेंदीचे पहिले पैसे घेऊन आली आणि दोनशे रुपये तेजश्रीपुढे ठेवले.

"हे कसले?"

"मेंदीचे. माझ्या हातावर होती ना? मग पैसे माझ्याकडं लागतात."

"वेडी का खुळी? मी नाही घेणार."

"मग काकांकडं देते. ते लिहून घेतील."

तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं. तिने हात पुढे केला आणि पैसे घेतले. त्यानंतर स्नेहाने आणखी दोनदा दोनशे दिले.

चारशे रुपये अजून बाकी आहेत.